कोलेस्टेरॉल, कॅन्सर आणि मिर-३३ची गोष्ट

पेशीवाली
विभाग: आरोग्य आणि विज्ञान

स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या) मागच्या धाग्यावर गाडी कॅन्सरवर घसरली आणि मग कोणाचं कोणाला ऐकू येईना. एकीकडे 'स्टॅटिनमुळे कॅन्सर होतो' हा ढकलसंदेश, दुसरीकडे 'स्टॅटिनने कॅन्सर बरा होतो' हा दुसरा. बहुतेक ग्रुपांवर दोन्ही ढकलणारे काका एकच असतात. म्हणून हा वेगळा धागा. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत पेशी वाढवणारी बाई आहे, तेव्हा गोळ्यांचे सल्ले माझ्याकडे मागू नयेत. (मागितले जाणारच, तरी सांगून ठेवते.)

माझं म्हणणं आधीच मांडते. 'कॅन्सरमध्ये कोलेस्टेरॉल चांगलं की वाईट' हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या पेशीतलं कोलेस्टेरॉल, आणि त्या पेशीने ते कुठे ठेवलंय, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपण स्वतःच बनवतो, ताटातून येतं ते त्यामानाने कमी. पेशीपटल, पित्तरस, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, ड जीवनसत्त्व, सगळ्यांना ते लागतं. दोन कार्बनच्या ॲसिटेटपासून सुमारे ३० पायऱ्या चढून २७ कार्बनचा हा रेणू तयार होतो. ती वाट उलगडण्यातल्या कामासाठी कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना १९६४चं नोबेल मिळालं. वाटेवरचं मुख्य नाकं म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम). स्टॅटिन ह्याच विकराला अडवतं.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. नाक्यानंतरचा रेणू मेव्हॅलोनेट, आणि त्यापासून फक्त कोलेस्टेरॉल होत नाही. मधूनच फाटा फुटतो आणि फार्नेसिल, जेरानिलजेरानिल अशा तेलकट शेपट्या तयार होतात. रास, रो ह्या प्रथिनांना पेशीपटलाला चिकटून काम करायला ह्या शेपट्या लागतात. रास बिघडलं की पेशी वाढतच सुटते. त्यामुळे 'बशीतल्या कॅन्सर पेशी स्टॅटिनने मेल्या' असं वाचलंत तर दोन प्रश्न विचारा. त्या कोलेस्टेरॉलवाचून मेल्या की शेपट्यांवाचून? आणि बशीत घातलेला डोस माणसाच्या रक्तात कधी पोचतो का? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं.

आता नियंत्रण. पेशीतलं कोलेस्टेरॉल कमी झालं की एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन आपल्या जागेवरून सुटतं, गॉल्जी या पेशीतल्या भागापर्यंत जातं, तिथे कापलं जातं आणि त्याचा तुकडा केंद्रकात शिरून उत्पादनाची सगळी जनुकं चालू करतो. एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) आत ओढणाऱ्या रिसेप्टरचं जनुकही त्यातच, म्हणजे बाहेरून आयातही वाढते. रिसेप्टरची गोष्ट मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांची, १९८५चं नोबेल.

आणि इथे माझा लाडका भाग येतो. एसआरईबीपी-२ ज्या जनुकातून वाचलं जातं, त्या जनुकाच्या १६व्या इन्ट्रॉनमध्ये एक चिमुकला आरएनए (मायक्रोआरएनए) दडलेला आहे, मिर-३३ए. इन्ट्रॉन म्हणजे जनुकाची प्रत काढल्यावर कापून टाकला जाणारा भाग. वर्षानुवर्षं त्याला भंगार समजत. २०१०मध्ये एकापेक्षा जास्त गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ह्या कापलेल्या भागातून निघणारी जेमतेम विशीबाविशीतली अक्षरं थेट एबीसीए-१च्या संदेशवाहक आरएनएला जाऊन चिकटतात आणि त्याचं प्रथिन बनू देत नाहीत. एबीसीए-१ हा पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर काढणारा पंप. म्हणजे उत्पादन वाढवा हा हुकूम ज्या जनुकातून निघतो, त्याच्याच पोटातून 'बाहेर जाऊ देऊ नका' हा दुसरा हुकूम निघतो. एका हाताने नळ सोडायचा आणि त्याच हाताने मोरीला बोळा लावायचा.

ह्याचा जुळा भाऊ मिर-३३बी, तो एसआरईबीपी-१च्या जनुकात. उंदरांकडे मात्र मिर-३३बी नाहीच. प्रतिसादांत उंदरांचे प्रयोग येतील तेव्हा हे लक्षात असू द्या.

लांब आरएनएही ह्यात आहेत. लेक्सिस नावाचा एक २०१६मध्ये उंदराच्या यकृतात सापडला. कोलेस्टेरॉल फार झालं की तो वाढतो आणि उत्पादन दाबतो. क्रोम नावाचा दुसरा फक्त माणूस-माकडांच्या कुळात आढळतो. तो मिर-३३ आणि त्याच्या सोबत्यांना धरून ठेवतो, त्यामुळे पंप पुन्हा चालू होतात. माणसाच्या डीएनएपैकी प्रथिनांची कृती सांगणारा भाग २ टक्क्यांहून कमी आहे. उरलेल्यात सगळंच कामाचं आहे असा माझा दावा नाही. बराचसा भाग खरोखर भंगारही असेल. पण हे वरचे नमुने भंगार नक्कीच नव्हेत.

कॅन्सरकडे येते. भराभर विभागणाऱ्या पेशीला नवी पटलं लागतात, म्हणून कोलेस्टेरॉल लागतं, हे कोणीही सांगेल. त्यापलीकडचं जास्त रंजक आहे. पी५३ हे गाठी रोखणारं प्रथिन धडधाकट असताना एबीसीए-१ वाढवून एसआरईबीपी-२ला शांत ठेवतं (२०१९). तेच पी५३ बिघडलं तर स्तनाच्या कॅन्सर पेशींत मेव्हॅलोनेटची सगळी वाट जोरात चालू करतं (२०१२). मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी स्वतः फारसं बनवत नाहीत, शेजारच्या पेशींचं ओरबाडून घेतात. प्रोस्टेटची गाठ कोलेस्टेरॉलपासून स्वतःपुरते पुरुष-हार्मोन बनवू शकते. आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये २०१३ सालचा तो गाजलेला शोध: कोलेस्टेरॉलपासून बनणारा २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हा रेणू इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर बसतो आणि गाठीला इस्ट्रोजेनसारखाच चेव आणतो.

रोगप्रतिकारशक्तीचा भाग मुद्दाम मागे ठेवलाय. कोणी विचारलं तर लिहीन, नाहीतर हा धागा वाचायला रजा काढावी लागेल.

बोरकूट
पहिला नंबर! बाकी उद्या सावकाश वाचते. मोरीचा बोळा आवडला.

आजोबा_१९५२
पेशीवाली ताई, लेख आवडला, अर्धा कळला. माझी ॲटोरव्हास्टॅटिन बायपासनंतर सुरू आहे ती आजतागायत. कॅन्सरची भीती बाळगावी का? नातू म्हणतो थांबवा, सून म्हणते चालू ठेवा.

पेशीवाली
आजोबा, मी वर काय लिहिलं होतं? :) सल्ला देत नाही, आकडे देते. २७ चाचण्या, सुमारे १ लाख ७५ हजार माणसं, चिठ्ठ्या टाकून कोणाला स्टॅटिन आणि कोणाला नाही (काहींत जास्त डोस विरुद्ध कमी). सगळ्यांची माहिती एकत्र करून २०१२मध्ये पाहिलं तर साधारण पाच वर्षांत कॅन्सर होण्यात किंवा कॅन्सरने मरण्यात काहीही फरक नव्हता. वाढही नाही, घटही नाही. बायपास झालेल्याने परस्पर गोळी बंद करणं ह्यात मात्र धोका आहे. सूनबाईंचं ऐका, आणि तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारा.

ही भीती आली कुठून तेही सांगते. पहिलं स्टॅटिन शोधलं जपानच्या अकिरा एंडो यांनी. सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासल्यावर १९७३मध्ये एका पेनिसिलियम बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं. १९८०मध्ये त्याच्या चाचण्या एकदम थांबल्या, कारण प्रचंड डोस दिलेल्या कुत्र्यांमध्ये लिम्फोमासारखं काही दिसल्याची बातमी फुटली. ती ऐकून अमेरिकेत मर्क कंपनीनेही आपल्या लोव्हास्टॅटिनचं काम थांबवलं होतं. पुढे कसून तपास झाला, गाठी दिसल्या नाहीत, आणि १९८७मध्ये लोव्हास्टॅटिन बाजारात आलं. कॉम्पॅक्टिन मात्र कधीच आलं नाही. अफवेचं मूळ चाळीसेक वर्षं जुनं आहे, व्हॉट्सॲपने फक्त पाणी घातलं.

रिकामटेकडा
हे सगळं फार्मा कंपन्यांचं गाणं आहे. कोलेस्टेरॉल कमी असलेल्या लोकांना कॅन्सर जास्त होतो हे छापून आलेलं आहे, एकदा नाही अनेकदा. ते का सांगत नाही? १,७५,००० लोकांच्या चाचण्यांचे पैसे कोणी दिले तेही सांगा की.

पेशीवाली
रिकामटेकडा, बहुतेक चाचण्यांना पैसे कंपन्यांचेच होते. मान्य. म्हणूनच कंपन्यांचा काडीचा संबंध नसलेला पुरावा घेऊ.

रक्तात कोलेस्टेरॉल कमी आणि कॅन्सर जास्त, हे निरीक्षण खरंच आहे. प्रश्न आधी काय घडलं हा आहे. लपलेली गाठ कोलेस्टेरॉल ओढून घेते, माणसाची भूक जाते, वजन घटतं, रक्तातला आकडा खाली येतो आणि निदान नंतर होतं. मग आकड्यामुळे कॅन्सर की कॅन्सरमुळे आकडा?

१९८६मध्ये मार्टाइन कॅटन या डच संशोधकाने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहिलं. युक्ती अशी: अपोई नावाच्या जनुकाचे प्रकार असतात, त्यातल्या ई-२ प्रकाराच्या लोकांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी असतं. जन्माच्या वेळी काही गाठ नसते. कमी कोलेस्टेरॉलने खरोखर कॅन्सर होत असेल तर ह्या लोकांत तो जास्त दिसला पाहिजे. आज ज्याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात आणि ज्याच्यावर शेकड्याने शोधनिबंध निघतात, त्या विचाराचं बीज ह्या पत्रात आहे, तेही नेमक्या तुमच्याच प्रश्नावर. २०११मध्ये कोपनहेगनच्या लोकसंख्येवर हे करून पाहिलं. रक्तातलं कमी एलडीएल कॅन्सरशी जोडलेलं दिसलं, पण जनुकांमुळे जन्मभर कमी असलेलं एलडीएल कॅन्सरशी जोडलेलं दिसलं नाही. म्हणजे दोषी आकडा नव्हे.

रिकामटेकडा
हं. पत्र वाचतो. पण फार्माचा मुद्दा मी सोडलेला नाही.

निळा कावळा
पेशीवाली यांनी छान मांडलंय. मी कॅन्सरचे रुग्ण बघतो, म्हणून दुसऱ्या ढकलसंदेशाबद्दल, म्हणजे 'स्टॅटिनने कॅन्सर बरा होतो' ह्याबद्दल लिहितो. ओपीडीत हाच प्रश्न जास्त येतो.

ह्याला खतपाणी मिळालं २०१२च्या डॅनिश अभ्यासातून. कॅन्सर होण्याआधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांत कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसले. पेपरांत मथळे झळकले. पण हे निरीक्षण होतं. स्टॅटिन नियमित घेणारा माणूस डॉक्टरकडे नियमित जातो, बाकीच्या तपासण्याही करून घेतो, आणि जो फार थकलाय त्याची गोळी बऱ्याचदा डॉक्टरच बंद करतात. हे सगळं मिळून गोळी आहे त्याहून गुणी दिसते.

मग ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरच्या ८४६ रुग्णांवर लंगस्टार चाचणी झाली. केमो अधिक प्राव्हास्टॅटिन विरुद्ध केमो अधिक खोटी गोळी. निकाल २०१७ला आला: काडीचाही फायदा नाही. स्तनाच्या इस्ट्रोजेन-पॉझिटिव्ह कॅन्सरचं प्रकरण मात्र वेगळं निघू शकतं, त्या २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलमुळे. डेन्मार्कमध्येच ॲटोरव्हास्टॅटिन विरुद्ध खोटी गोळी अशी मोठी चाचणी त्यासाठी हाती घेतली आहे. तिचा निकाल येईपर्यंत मी कोणालाही कॅन्सरसाठी म्हणून स्टॅटिन लिहून देणार नाही. हृदयासाठी लागत असेल तर जरूर.

मेव्हॅलोनेटच्या वाटेवरचं एक औषध मात्र आम्ही रोज वापरतो आणि कोणाला त्याचा पत्ता नसतो. झोलेड्रोनेट. हाडांत पसरलेल्या कॅन्सरला आणि मायलोमाला (अस्थिमज्जेच्या कॅन्सरला) सलाइनमधून देतात ते. ते स्टॅटिनच्या दोन-चार पायऱ्या पुढे अडवतं. अडल्यामुळे मागे आयपीपी नावाचा रेणू तुंबतो, आणि गॅमा-डेल्टा जातीच्या टी-पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या शिपाई पेशी) नेमक्या ह्या तुंबलेल्या रेणूचा माग काढतात. स्टॅटिन दिलं तर आयपीपी तुंबतच नाही. एकाच वाटेवर दोन ठिकाणी अडवा आणि रोगप्रतिकारशक्तीवरचे परिणाम उलटे.

साबुदाणा
अंडी खावीत की नाही एवढंच सांगा.

निळा कावळा
खा. बलक किती हे तुमच्या शुगरवर आणि बीपीवर ठरेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, हा नको.

तांबडं_फुटलं
आता तरी टी-पेशींचं लिहा ना पेशीवाली. एकीकडे वाचलं की कोलेस्टेरॉलने टी-पेशी तगड्या होतात, दुसरीकडे वाचलं की त्याच थकतात. दोन्ही उंदरांवर, दोन्ही मोठ्या मासिकांत. कोणावर विश्वास ठेवायचा?

पेशीवाली
दोघांवर. पण तपशिलासकट.

२०१६, नेचर, शांघायचा गट. गाठ मारणारी सीडी-८ टी-पेशी शत्रू ओळखते तेव्हा तिचे रिसेप्टर पटलावर एकत्र गोळा होतात. ह्यासाठी पटलात मोकळं कोलेस्टेरॉल पुरेसं लागतं. पेशीत एसीएटी-१ नावाचं विकर हे मोकळं कोलेस्टेरॉल स्निग्धाम्लाशी जोडून थेंबांत साठवतं. ते विकर अडवलं तर साठा होत नाही, पटलात कोलेस्टेरॉल वाढतं, टी-पेशी जास्त मारक होते. त्यासाठी त्यांनी वापरलेलं अव्हासिमाइब हे औषध मूळचं रक्तवाहिन्यांसाठीचं, तिथे फसलेलं. उंदरांच्या मेलानोमात (त्वचेच्या कॅन्सरमध्ये) त्याने काम केलं.

२०१९, सेल मेटाबॉलिझम. गाठीत शिरलेल्या टी-पेशींत कोलेस्टेरॉल भरून राहतं, आतली प्रथिनं घडवणारी व्यवस्था ताणाखाली येते, ताणाचा इशारा देणारं एक्सबीपी-१ हे प्रथिन चालू होतं, आणि पेशीवर पीडी-१सारख्या (टी-पेशीला ब्रेक लावणाऱ्या) थकव्याच्या खुणा उमटतात. कोलेस्टेरॉल कमी केलं की पेशी पुन्हा सावरते.

२०२३, कॅन्सर सेल. गाठीतल्या टी-पेशींत कोलेस्टेरॉलचा तुटवडा असतो! गाठीतले ऑक्सिस्टेरॉल (ऑक्सिजन जोडलेलं कोलेस्टेरॉल, २७-हायड्रॉक्सीचे भाऊबंद) टी-पेशीला फसवतात की 'तुझ्याकडे भरपूर आहे'. ती बिचारी उत्पादन बंद करते आणि पंप सोडते.

तीन निबंध, तीन चित्रं. माझ्या वाचनाप्रमाणे घोटाळा 'कोलेस्टेरॉल' ह्या एका आकड्यात आहे. पटलातलं मोकळं, थेंबांत साठवलेलं, ऑक्सिजन लागलेलं, हे तीन वेगळे पदार्थ समजले पाहिजेत, आणि ज्या रंगद्रव्याने ते मोजतात ते सगळ्यांना सारखं धरत नाही. ह्या मोजमापावर मी स्वतः वैतागलेली आहे. फिलिपिन नावाचा निळा चमकणारा रंग फक्त मोकळं कोलेस्टेरॉल दाखवतो, थेंबांतलं नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघता बघता विझतो. फोटो काढायला उशीर झाला की 'कोलेस्टेरॉल कमी' दिसलंच म्हणून समजा. अशा फोटोवर बेतलेला निष्कर्ष मी दोनदा वाचते.

शिवाय पीसीएसके-९. हे प्रथिन एलडीएल रिसेप्टर मोडीत काढतं, म्हणून त्याला अडवणारी इंजेक्शनं हृदयासाठी आली. २०२०मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की तेच प्रथिन कॅन्सर पेशीच्या पृष्ठभागावरचं एमएचसी-१ही (आतल्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशीला दाखवणारं प्रथिन) मोडीत काढतं. एमएचसी-१ गेलं की टी-पेशीला गाठ दिसतच नाही. उंदरांत पीसीएसके-९ अडवून पीडी-१चा ब्रेक सोडवणारी औषधं दिली तर परिणाम वाढला, आणि त्याचं कारण रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरणं हे नव्हतं. हृदयाचं औषध, परिणाम कॅन्सरवर, आणि कोलेस्टेरॉल बाजूलाच!

तांबडं_फुटलं
दंडवत. हे कार-टीला (कॅन्सर ओळखायला जनुक बदलून तयार केलेल्या टी-पेशींना) लागू होईल का? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार-१९बद्दल वाचलं होतं.

निळा कावळा
नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली ती बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी. तिथे शत्रू रक्तात आणि लसीकाग्रंथीत असतो, टी-पेशीला सहज सापडतो. स्तन, आतडं, मेंदू अशा घट्ट गाठींत कार-टी आत शिरून लवकर थकते. तिथे एसीएटी-१ अडवून कार-टी देण्याचे प्रयोग झालेत, पण उंदरांतच. आपल्याकडे ते औषध म्हणून यायला अजून बराच अवकाश आहे.

कोकणकडा
एमएस्सीला आहे, म्हणून भाबडा प्रश्न. मिर-३३ अडवला तर पंप वाढेल, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वाढेल. मग औषध का नाही आलं? आणि मायक्रोआरएनएवर २०२४चं नोबेल मिळूनही (अँब्रोस आणि रव्हकन) बाजारात काहीच कसं नाही?

पेशीवाली
भाबडा अजिबात नाही. लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए १९९३ला एका कृमीत सापडला, तीस वर्षांत औषध नाही, हा सल सगळ्यांनाच आहे.

मिर-३३ अडवल्यावर आफ्रिकन हिरव्या माकडांत एचडीएल वाढलं होतं, २०११मध्ये. पण मिर-३३ कायमचा काढून टाकलेले उंदीर लठ्ठ होतात, यकृतात चरबी साठते. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना चिकटू शकतो, तेव्हा तुम्हाला हवा तो एकच परिणाम तो कसा देणार?

मिर-१२२चं उदाहरण अजून बोलकं. यकृतातल्या मायक्रोआरएनएंचा मोठा वाटा हा एकटाच असतो. त्याला अडवलं की उंदरांत कोलेस्टेरॉल उतरतं. हिपॅटायटिस सीच्या विषाणूला जगायला तोच लागतो, म्हणून मिराव्हिर्सन नावाचं औषध २०१३मध्ये रुग्णांत चाललंही. पण मिर-१२२ मुळातच नसलेल्या उंदरांना आधी यकृतात चरबी आणि पुढे यकृताचा कॅन्सर होतो. कोलेस्टेरॉल उतरवणारी आणि कॅन्सर रोखणारी किल्ली एकच निघाली तर ती फिरवायची कोणत्या दिशेला?

कॅन्सरमध्ये उलटा प्रयत्न झाला, गाठ रोखणारा मिर-३४ए बाहेरून द्यायचा. एमआरएक्स-३४ नावाने चाचणी सुरू झाली आणि २०१६मध्ये थांबली, कारण रोगप्रतिकारशक्ती खवळून गंभीर दुष्परिणाम झाले, काही रुग्ण दगावले.

तिसरी बाजू मात्र यशाची आहे. इन्क्लिसिरान. हा मायक्रोआरएनए नाही, त्याचा चुलतभाऊ एसआयआरएनए आहे: पीसीएसके-९च्या एकाच संदेशावर नेम धरलेला. त्याला साखरेची शेपटी जोडली आहे, ती फक्त यकृताच्या पेशी ओळखतात. सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षाला दोन इंजेक्शनं. युरोपात २०२०ला आणि अमेरिकेत २०२१ला परवानगी मिळाली. बघा, फरक कशात आहे. नेम एकच, आणि पत्ता यकृताचा. गाठीचा पत्ता असा सरळ लिहिता येत नाही, तिथेच सगळं अडलंय.

बोरकूट
आता सगळं वाचून काढलं. आमच्या ओळखीत एका काकूंना एका लॅबने 'मायक्रोआरएनए कॅन्सर चाचणी' म्हणून चांगलीच महाग तपासणी विकली. रिपोर्टमध्ये लाल-हिरवे बाण. डॉक्टरांनी बघितलं आणि बाजूला ठेवलं. हे खरं असतं का?

निळा कावळा
निरोगी माणसाने कुतूहल म्हणून करू नये एवढं ठामपणे सांगतो. रक्त काढताना लाल पेशी थोड्या फुटल्या तरी त्यातले मायक्रोआरएनए सांडतात आणि बाणांचे रंग बदलतात. मिर-२१ तर साध्या सुजेतही वाढतो. नॉन-कोडिंग (प्रथिनाची कृती न सांगणाऱ्या) आरएनएची एक तपासणी मात्र रीतसर पुढे आली: पीसीए-३, प्रोस्टेटसाठी, लघवीतून. अमेरिकेत २०१२ला मंजूर झाली, तीही सरसकट नाही. आधीची बायॉप्सी निगेटिव्ह आलेल्यांची पुन्हा करावी का, एवढं ठरवायला.

आजोबा_१९५२
बीसीजीचं आणि ह्याचं काही नातं आहे का? आमच्या शेजाऱ्यांना मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी देत होते, तेव्हा मी चक्रावलो होतो. ती तर बाळाला टोचतात.

पेशीवाली
आजोबा, नातं आहे आणि तेही मेव्हॅलोनेटमधूनच! बीसीजीसारख्या गोष्टी मोनोसाइट पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) जणू सराव देतात, पुढच्या वेळी त्या वेगळ्याच शत्रूवरही जोरात तुटून पडतात. नेदरलँड्समधल्या मिहाई नेटेआ यांच्या गटाने २०१८मध्ये दाखवलं की ह्या सरावात मेव्हॅलोनेट कळीचं आहे आणि बशीत स्टॅटिन घातलं तर सराव होत नाही. उलट ज्यांच्यात मेव्हॅलोनेट जन्मतः साचतं, त्या मुलांना वारंवार ताप येतो आणि त्यांच्या मोनोसाइट पेशी कायम सरावलेल्या असतात. (शेजाऱ्यांच्या स्टॅटिनवर ह्यातून निष्कर्ष काढू नका. बशी ती बशीच.)

कोकणकडा
एक शेवटचा. मिर-३३ अडवून एबीसीए-१ वाढवला तर गाठीतल्या मॅक्रोफेजचं (गिळंकृत करणाऱ्या प्रतिकारपेशींचं) काय होईल? हृदयात तर फायदाच ना, चरबीने फुगलेले मॅक्रोफेज रिकामे होतील.

पेशीवाली
रक्तवाहिनीत फायदा, बरोबर. गाठीत उलटंही होऊ शकतं. २०१९मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरवर उंदरांत काम झालं. गाठीच्या पेशी मॅक्रोफेजला पटलातलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकायला लावतात, आणि कोलेस्टेरॉल गमावलेला मॅक्रोफेज गाठीचा सोबती होऊन बसतो. पंपांची जनुकं काढून टाकल्यावर मॅक्रोफेज पुन्हा भांडखोर झाले आणि गाठीची वाढ मंदावली. दुसरीकडे, वर लिहिलं तसं, पी५३ त्याच एबीसीए-१च्या मदतीने गाठ दाबतं, पण ते यकृताच्या पेशीत. तुझ्या प्रकल्पासाठी हे धरायचं असेल तर एक सुचवते: अख्ख्या गाठीचा आरएनए एकत्र काढू नकोस. मॅक्रोफेज, टी-पेशी आणि गाठीच्या पेशी आधी वेगळ्या कर, मग प्रत्येकीत मिर-३३ आणि एबीसीए-१ मोज. आणि उंदरांत करणार असशील तर मिर-३३बी तिथे नाही, ते निबंधाच्या पहिल्याच पानावर लिही, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

कोकणकडा
गाइडना हेच दाखवतो. फिलिपिन विझण्यावर काही उपाय?

पेशीवाली
अंधार, कमी प्रकाश, आणि सगळे नमुने एकाच बैठकीत. फोटोंचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव, नाहीतर शेवटचा गट नेहमी फिकट येईल. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.